पाठमोरा

विजेची तार तुटून ओट्यावरच्या लोखंडी पत्र्यावर पडली, तेव्हा धुडकू छपरावर गल्लीकडे पाठ करून उभा होता. खोलीवर सिमेंटचे पत्रे होते, पुढच्या ओट्यावर लोखंडी. तो वाकून दोर सोडत एकेक पाऊल मागे सरकत होता. शेवटची गाठ ओट्यावरच्या पत्र्याला मारायची होती. तिथवर पाच पावलं उरली होती.

"थांबा तठेच," मंगलाबाई गल्लीतून ओरडली.

धुडकूने, तिच्या नवऱ्याने, मान वळवली नाही.

सकाळपासून हेच चाललं होतं. महापालिकेची गाडी कालपासून बमरोलीच्या वस्तीत गुजरातीतून पुकारत फिरत होती. वावाझोडुं येणार, मोठं वादळ, पाणी भरून ठेवा, छपरं बांधून घ्या. मंगलाबाईने पिंपं भरली, गहू दळून आणले, रेशनकार्ड आणि लाइटबिलं प्लास्टिकमध्ये गुंडाळून डब्यात घातली. भांडी घासता घासता नवऱ्याला तीनदा सांगितलं की साठीत छपरावर चढू नका, गजेंद्र दुपारी पलसाण्याहून येतो आहे, तो बांधेल. पोरगा येईपर्यंत काही वादळ घर उचलून नेत नाही. धुडकू दोर घेऊन शिडी चढला. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही.

कापडाच्या लूमवरचं काम सोडून घरी बसल्यापासून त्याचा हाच तोरा होता. काही विचारावं तर उत्तर नाही. मनात आलं तर मान हलवायची, नाहीतर तीही नाही. आधी ती भांडली, मग रडली, मग तिने हात टेकले. गेलं वर्षभर तर ती त्याच्याशी बोलतच नव्हती. ताट वाढायचं, पुढे सरकवायचं, संपलं. भिंतीशी बोलून घसा कोण कोरडा करणार? आज जिवाशी गाठ होती म्हणून तरी तिने तोंड उघडलं होतं.

आता अख्खी गल्ली ओरडत होती. लोखंडी शिडी ओट्याच्याच पत्र्याला टेकलेली, तिला हात लावायची सोय नव्हती. समोरचा वाल्मिक विजेची डीपी बंद करायला पळाला. डीपी पार गल्लीच्या टोकाला होती. कुणीतरी विटेचा तुकडा उचलला, तो मंगलाबाईने हिसकावून घेतला. पाठीत वीट बसली तर माणूस दचकून आणखी मागे जाईल.

धुडकूने एक पाऊल मागे टाकलं. मग आणखी एक.

माणूस बायकोला तोरा दाखवील. पण वीस माणसं जिवाच्या आकांताने ओरडत असताना कोण कुणाला तोरा दाखवतो? त्याला ऐकूच येत नव्हतं. लूमच्या शेडमध्ये खडखडाटात कुणालाच काही ऐकू येत नाही. तिथे सगळे खुणांनी आणि ओठ बघून बोलतात, घरी येऊनही तसेच गप्प बसतात. अशा घरात कुणाचे कान कधी गेले हे कळत नाही. तिलाही कळलं नव्हतं. तिला स्वतःचा संताप आला, पण संतापायलाही वेळ नव्हता.

ती बोळातून धावत मागच्या दाराने घरात शिरली. कपडे वाळत घालायचा बांबू ओढून काढला आणि खालून सिमेंटच्या पत्र्यावर ठोकायला लागली. खटक खट, खटक खट. लग्नानंतरची बारा वर्षं त्यांनी शेडच्या भिंतीला लागलेल्या खोलीत काढली होती. लूमची ती चाल तिच्या हाडांत भिनली होती. भिंतीपलीकडचं मशीन थांबलं की धुडकू झोपेतूनही उठून बसायचा आणि त्याची बोटं तुटलेला धागा शोधायला लागायची.

डोक्यावर त्याचं पाऊल वाजलं. ती आणखी जोराने ठोकू लागली. कान गेले असतील, तळपाय तर आहेत. खटक खट, खटक खट, खटक खट.

आणि तिने एकदम हात थांबवला.

वरचं पाऊलही थांबलं. पत्र्यावर काहीच वाजेना. मंगलाबाई बांबू कवटाळून उभी राहिली.

सुषमाने, वाल्मिकच्या बायकोने, नंतर सांगितलं. काका जागच्या जागी थिजले, दोन्ही हात पुढे धरून खाली वाकले, काहीतरी तुटलंय तसे पायापाशी शोधायला लागले. शोधता शोधता त्यांनी मागे पाहिलं. तार पडलेला लोखंडी पत्रा त्यांच्या टाचेपासून वीतभर होता.

डीपी बंद झाल्यावर त्याला उतरवून घेतलं. तो ओट्यावर बसला. मंगलाबाई त्याच्या पुढ्यात बसली. हनुवटी धरून तिने त्याचा चेहरा आपल्याकडे वळवला आणि ओठ नीट हलवत विचारलं,

"कव्हापासून ऐकू येत नही तुमले?"

तो तिच्या ओठांकडे बघतच राहिला. मग त्याचे डोळे भरून आले.

"ऐकू येत नही?" तो म्हणाला. "माले वाटनं, तूच मन्हासंगे बोलनं सोडी दिधं."