लाल दिव्याचा माल

मंजुळाने सात वर्षांच्या जाईला उचललं आणि द्राक्षांच्या क्रेटसारखं थेट तपासणी यंत्राच्या पट्ट्यावर बसवलं.

"ताई, डोकं फिरलंय का?" पॅकहाऊसचे मॅनेजर डेरे धावत आले. "यंत्र फळांसाठी आहे!"

"मग फळच समजा साहेब. तुम्ही बाजूला काढलेला मालच खाऊन वाढलीय ती."

फवारणीतली काही औषधं अंगात शिरली की बाईच्या संप्रेरकाचं सोंग घेतात, आणि शरीर खुळ्यासारखं त्यांचा हुकूम पाळतं. हे यंत्र तीच सोंगं हुडकायचं. लाल दिवा लागलेला क्रेट परदेशी जायचा नाही. त्यातले घड डेरे मंजुळासारख्या मजूर बायकांना वाटायचे. फेकण्यापेक्षा गरिबाच्या मुखी लागू दे, म्हणायचे.

आज सकाळी जाई दुसरीच्या वर्गात पोट धरून रडली. बाईंनी दप्तरात पॅड घालून तिला घरी पाठवलं. पाळी आलेली वर्गातली ती चौथी मुलगी. "हल्ली लवकरच येते," बाई म्हणाल्या. घरी सासू हौसेने ओटी भरायला निघाली, तेव्हा मंजुळाने लेकीचं मनगट धरलं आणि तरातरा इथे आली.

पट्टा सरकला. लाल दिवा लागला.

"काय लिहिलंय, वाचा साहेब. मला वाचता येत नाही."

डेऱ्यांनी पडद्यावरून नजर काढून घेतली.

जाईला मात्र नुकतंच वाचता येऊ लागलं होतं. तिने अक्षराला अक्षर जोडत मोठ्यांदा वाचलं, "निर्यातीस अयोग्य. गावच्या बाजारात विकण्यास हरकत नाही."