टाक आणि कार्ड

टिक्.

दुपारच्या सामसूम घरात तेवढाच आवाज झाला. उघड्या सर्व्हरवर वाकलेल्या स्नेहलच्या गळ्यातला चांदीचा टाक पत्र्यावर आपटला होता. तिने तो मुठीत धरला आणि पाठीवर ढकलून दिला. जा, बस तिकडं मागे.

टाक सवतीचा होता. निलेशची पहिली बायको, अमृता, साध्या तापाचं निमित्त होऊन गेली होती. तिच्या नावाने बोटाच्या पेराएवढी बाई चांदीवर ठोकून घेऊन सासूबाईंनी, नंदाबाईंनी, ती दुसरीच्या गळ्यात लग्नातच घातली. "काडू नको बरं का कदी," नंदाबाई म्हणाल्या होत्या. "गळ्यात असली म्हंजी ती जळत न्हाई तुज्यावर." स्नेहलला तेव्हा हसू आलं होतं. आता येत नव्हतं. मेलेली जळू नये म्हणून टाक होता. जिवंत जळत असली तर तिने काय बांधायचं, ते कुणीच सांगितलं नव्हतं.

वराळ्यातल्या घराच्या पुढच्या खोलीत निलेशचा फोटो स्टुडिओ होता. आजवर काढलेली सगळी लग्नं, सगळी बारशी एका सर्व्हरवर साठवलेली. त्या सर्व्हरचा मदरबोर्ड मागच्या आठवड्यात जळाला. डिस्क वाचल्या आणि डिस्क सांभाळणारं, वेगळं बसवलेलं कंट्रोलर कार्डही वाचलं. नवं मशीन आलं होतं. त्याच्या बोर्डावर कंट्रोलर मुळातच होता. मग तो वापरायचा की जुनं कार्ड पुन्हा लावायचं? स्नेहल तळेगावच्या एका कंपनीत सर्व्हरच बघायची. तेव्हा निकाल तिनेच द्यायचा होता.

निकाल सोपा होता. कार्ड जुनं, तापणारं. उद्या बंद पडलं तर तसलं दुसरं मिळायची मारामार. बोर्डावरचा नवा, सुटसुटीत. यातलं अक्षरही खोटं नव्हतं.

फक्त एक गोष्ट तिला आपणहून बोलायची नव्हती. जुन्या डिस्कवरची मांडणी त्या कार्डाने केलेली, ती त्या कार्डालाच कळत होती. कार्ड लावलं तर सगळे फोटो जसेच्या तसे दिसले असते. बोर्डावरचा कंट्रोलर घ्यायचा तर डिस्क कोऱ्या करून नव्याने लावायला लागणार होत्या. अलीकडची कामं दुसरीकडे उतरवून ठेवलेली होती. जुन्यांना तिथे जागा नव्हती. आणि त्या जुन्यांत एक फोल्डर होता, 'अमृता' नावाचा.

स्नेहलने तो एकदाच उघडला होता. भाजे लेण्यांच्या पायऱ्या, सुटलेला वारा, दातांत ओढणीचं टोक धरून हसणारी एक पोरगी. कॅमेऱ्याला हसत नव्हती ती, कॅमेऱ्यामागच्याला हसत होती. स्नेहलच्या नावाचा फोल्डरच नव्हता. तिच्या लग्नाचे फोटो चाकणच्या कुणा फोटोग्राफरने काढलेले. नवरदेवाने स्वतःच्या लग्नाचे फोटो काढायचे तरी कसे, हे तिला कळत होतं. कळून काय उपयोग?

"आई, माझ्या घराला खिडकी पाड ना," कोपऱ्यातून इंदू ओरडली. नव्या मशीनच्या खोक्यात तिने संसार थाटला होता.

"पाडते हं, राणी. थांब जरा."

निलेश चहाचे दोन कप घेऊन आला. "काय मग मॅडम? कार्ड का बोर्ड?"

"बोर्डावरचाच बरा. कार्डाचं काही खरं नाही, अहो."

"आणि जुन्या डिस्क?"

"कोऱ्या कराव्या लागतील."

आता तो ते नाव घेईल म्हणून ती अंग चोरून उभी राहिली. त्याने घेतलं नाही. जुनं कार्ड उचललं, फुंकर मारली, लेन्स पुसायच्या फडक्याने सवयीने पुसलं आणि परत टेबलावर ठेवलं.

"तू म्हणशील तसं. मला काय कळतंय त्यातलं," तो म्हणाला. दारापाशी मात्र थबकला. "इंदूचं बारसं होतं गं त्यात."

आणि गेला.

इंदू अमृताची होती. स्नेहल या घरात आली तेव्हा ती नुकती चालायला लागली होती, आणि आठवड्याच्या आत तिला आई म्हणाली होती. तेव्हापासून ही आपल्या पोटची नाही, हे स्नेहल विसरूनच जायची. इंदूला तर कुणी सांगितलंच नव्हतं. मोठी झाली की सांगू, असं ठरलं होतं.

तिच्या गुडघ्यावरचा एकेक ओरखडा स्नेहलला पाठ होता. पण दात यायच्या आधी ती हसायची कशी? जावळ होतं का तिला? पहिल्यांदा पालथी पडली तेव्हा रडली होती का? ते अख्खं वर्ष त्या बाईकडे होतं. एकटीकडे. त्या वर्षावर स्नेहल अशी जळली की ओढणीवाल्या पोरीचा मत्सर त्यापुढे काहीच नव्हता.

तिने कार्ड उचललं आणि नव्या मशीनच्या खाचेत दाबून बसवलं. वायरी जोडल्या. डिस्क घरघरल्या. कार्डाने आपल्या डिस्क ओळखल्या.

पडद्यावर पाळणा आला. झेंडूच्या माळा, गर्दी, आणि मधोमध हिरव्या साडीतल्या अमृताच्या मांडीवर एक गाठोडं.

केसांत थर्माकोलचे दाणे घेऊन इंदू खोक्यातून बाहेर आली आणि स्नेहलच्या मांडीवर चढली.

"हे मी?"

"हो गं, तूच."

"टकली!" इंदू खिदळली. "ही आजी. पप्पा फोटो काढतायत ना?" तिचं बोट हिरव्या साडीवर क्षणभर टेकलं आणि पुढे सरकलं. ती एकेक चेहरा तपासू लागली. पाळण्यामागच्या बायका, दारातल्या बायका, अगदी कडेला अर्धवट आलेल्यासुद्धा.

स्नेहलने पाठीवरचा टाक ओढून पुढे घेतला.

शेवटच्या चेहऱ्यापाशी इंदूचं बोट थांबलं. तिने मान वळवून वर बघितलं.

"माझ्या बारशाला तू कुठं होतीस गं, आई?"