वाकडे खिळे

नळी पुन्हा अडकली. छपरावर धुराड्याच्या तोंडाशी उभी राहून कारागीर मेरेरिड ती वरून आत सोडत होती. खाली चुलीपाशी गुडघे टेकून गेथिन तिच्या टोकाची दोरी ओढत होता. दोरी ताठ आणि नळी ढिम्म.

बाजूच्या खुर्चीत त्याच्या आईचा, नेस्टचा, जीव टांगणीला लागला होता. दगडी धुराड्याला जुनेपणानं भेगा पडल्या होत्या, धूर खोल्यांत यायचा, म्हणून चूल पेटवायला बंदी झाली होती. आत स्टीलची नळी बसली तर चूल पुन्हा पेटणार. नाहीतर सोमवारी नेस्टची रवानगी वृद्धाश्रमात. गेथिननं तिथं खोलीही बघून ठेवली होती. वेल्सच्या डोंगरातली ती ओल. चुलीशिवाय तिथं हिवाळा निघत नाही. आधीचे दोन कारागीर हात टेकून गेले होते. धुराडं आत कुठंतरी वळतं, एवढंच त्यांना कळलं. कुठं आणि कुणीकडे, ते बांधणाऱ्यालाच ठाऊक, आणि तो केव्हाच मातीआड गेला होता.

मेरेरिड काजळीनं माखून खाली आली. वळण सापडलं नाही तर भिंत फोडावी लागेल आणि या वयाची भिंत आपण फोडणार नाही, असं तिनं सरळ सांगून टाकलं.

"वळण माझ्या झोपायच्या खोलीत आहे," नेस्ट म्हणाली. "तिथले खिळे बघ."

गेथिननं कपाळाला हात लावला. "आईचं मनावर घेऊ नका हो. सगळी भिंत खिळ्यांनी भरून ठेवलीय, ओळ सरळ असेल तर शपथ. काल काय जेवली तेसुद्धा तिला आठवत नाही."

नेस्टला ते फार लागलं. पण ती काठी टेकत जिना चढली आणि मेरेरिड तिच्या मागून गेली. चुलीच्या बरोबर वरच्या भिंतीवरची खिळ्यांची रांग कमरेपर्यंत सरळ होती, तिथून खिडकीकडे कलली होती आणि खांद्यापासून पुन्हा सरळ वर गेली होती. मेरेरिड बराच वेळ बघत राहिली. मग तिनं टेप काढून मापं घेतली, छपरावर गेली आणि वळणापर्यंतचं अंतर मोजून नळीवर खडूनं खूण केली.

खूण धुराड्याच्या तोंडाशी आली तेव्हा, वरून उतरताना वळण उलटं येतं म्हणून, तिनं नळीला खिडकीच्या विरुद्ध, दाराच्या बाजूला पीळ दिला. "ओढा!" गेथिननं ओढलं. नळी सरसरत खाली आली आणि तिच्याबरोबर घमेलंभर काजळी त्याच्या डोक्यावर.

दुपारी चूल पेटली. शेजारीपाजारी गल्लीत माना वर करून उभे राहिले, आणि धूर सरळ आभाळात गेला तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. नेस्टचा आनंद गगनात मावेना. तिनं मुलाला आधी वृद्धाश्रमात फोन करायला लावला. तो मुकाट्यानं खोली नको म्हणाला.

"पण आई, वळण तुला कसं ठाऊक?"

"सहा महिने पाऊस. भिंत जिथं गरम लागली तिथं खिळा ठोकला," नेस्ट म्हणाली. "तुझेच लंगोट वाळायचे त्यांच्यावर."