डोळे लिहिताना

निजामी जमादार लालसिंगानं कडब्याच्या गंजीत काठी खुपसली. आतून एक मांजर तेवढं बाहेर पळालं.

"घाला त्याला बेड्या," उंबऱ्यातून नर्मदाबाई म्हणाल्या.

"हसण्यावारी नेऊ नका, बाई. तुमच्या तातेरावानं कनेरगाव नाक्यावर तिरंगा लावला. मी आज धरून नेईन. उद्या दुसरे येतील, ते सरळ गोळी घालतील."

"माझं लेकरू कुठं हाय ते ठावं असतं, तर मी इथं रंग कालवत बसले असते व्हय?"

रंग खरंच कालवलेले होते. ओसरीवर करवंट्या मांडल्या होत्या: गेरू, हळद, दिव्याची काजळी, पाल्याचा हिरवा रस. सगळ्यांत बाभळीचा डिंक. संध्याकाळी महालक्ष्म्या यायच्या होत्या. कागदाचा लगदा अन् मेथीचं कूट थापून केलेला थोरलीचा मुखवटा तयार होता. केस अंबाडीच्या वाखाचे, बिंदी कवड्यांची, नथीत काचेचा मणी. धाकटीचा मुखवटा मांडीवर घेऊन कुणी पाठमोरं बसलं होतं. ओढणी नाकापर्यंत, हात कोपरापर्यंत गेरूनं माखलेले.

"ह्या कोण?"

"आमची अमिनाबी. खाजा मियाची घरवाली. गावातले समदे मुखवटे तिच्याच हातचे."

"अमिनाबी, तुमी पाहिलं का तातेरावाला?"

कुंचला काजळीच्या करवंटीत बुडाला.

"ती आता बोलणार न्हाई," नर्मदाबाई म्हणाल्या. "डोळे लिहून राहिली. तोंडात पाण्याची गुळणी धरूनच लिहायचे असतात. मधी बोललं तर देवी आंधळी बसती. तुमच्या घरी न्हाई का ही रीत?"

"हाय," लालसिंग पुटपुटला. परक्या बाईच्या पुढ्यात जाऊन उभं राहणं त्याला बरं वाटेना. तो माजघराकडं वळला आणि थबकला.

दोन्ही महालक्ष्म्या नेसून उभ्या होत्या, मुखवटे तेवढे बसायचे होते. जरीचे काठ, पायघोळ निऱ्या.

"लई उंच केल्या, बाई. पार गड्याएवढ्या."

नर्मदाबाई लगबगीनं आत आल्या. मग हलकेच म्हणाल्या, "देवीच्या पदराला हात लावता, जमादार?"

त्यानं जोडे काढले. कपाळाला हात लावून माफी मागितली आणि थोरलीचा पदर उचलला. नर्मदाबाई भिंतीला टेकून गुणगुणू लागल्या,

थोरली आली दारी, धाकटी गं वाटंला
हळदीचा सडा माझ्या अंगणाच्या काठाला

पदराआड कणगी होती, जवारीनं भरलेली. धाकटीच्या पदराआडही तेच.

लालसिंगाची मान खाली गेली. त्यानं निऱ्या आपल्या हातानं नीट केल्या. "तकलीफ झाली, बाई. वरचा हुकूम असतो."

"उद्या जेवायला या. सोळा भाज्या असतात आमच्यात."

जाताना त्यानं ओसरीवर लांबूनच नजर टाकली. कुंचला सावकाश फिरत होता. "हात चांगला हाय अमिनाबीचा," तो म्हणाला आणि घोड्यावर बसला.

टापा ओढ्यापार गेल्या. तेव्हा मागच्या दारानं एक म्हातारी आत आली, मांडीवरचा मुखवटा उचलून उजेडात धरला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"या अल्ला! तातेराव, माझी देवी तिरळी करून ठेवलीस की रे मेल्या!"