भोवतालच्या पेशी

मूल व्हावं म्हणून घ्यायच्या इंजेक्शनच्या टोपणावर मोहरीएवढं कुंकू होतं. सुई टोचण्याआधी तिची पूजा करायची, हा सासूबाईंचाच नेम. अंजनगावच्या त्या खोलीत सासू, जाऊ आणि नणंद अशा तिघी आकांक्षाभोवती दाटून बसल्या होत्या; उठायला वाट नव्हती. “हार्मोनचा आकडा दुप्पट झाला म्हंते डॉक्टर,” सासूबाई म्हणाल्या, “नातू आलाच समजा.” “मांगच्या खेपेलेबी आलाच होता,” जाऊ पुटपुटली. जीवशास्त्र शिकवणाऱ्या आकांक्षाला ठाऊक होतं, हार्मोन बनवतात त्या स्त्रीबीजाभोवतालच्या पेशी. आधीच्या तिन्ही खेपांना त्या चोख राबल्या, आकडा चढला, पेढे वाटले गेले. आतलं बीज मात्र एकदाही पिकलं नाही. वर्षभर ती सुया टोचून घेत आली होती. नवऱ्यानं सुई भरली. “कुर्ता वर घे वं पोरी, काहून थांबली?” सासूबाईंनी विचारलं. आकांक्षानं कुर्ता खाली ओढून धरला. “आई, आता पुरे. यापुढे मी एकही सुई घेणार नाही.”