नुसते आकडे

डबिंगच्या माइकपुढे अनघाताई मध्येच थांबल्या. "पडद्यावर ही तेजल ठरल्याप्रमाणे एक-दोन-तीन म्हणतच नाहीये. वेगळंच काही बोलतेय. तुमचा संवाद हिच्या ओठांवर बसणार कसा?"

दिग्दर्शक तेजलकडे वळला. या गाजलेल्या मॉडेलचा चेहरा त्याला सिनेमात हवा होता, वऱ्हाडी बोली नको होती. "आवाज ताई देणार होत्या. शूटिंगला तुला नुसते आकडे म्हणायला सांगितलं होतं ना?"

"सासरा घरातून हाकलतोय, सर. त्याला काय पाढे म्हणून दाखवू?"

अनघाताईंनी हेडफोन काढून तेजलच्या डोक्यावर चढवला. "मला नाही जमणार, बाई. तुझं तूच बोल."

"अहो, ताई!" दिग्दर्शक ओरडला.

पडद्यावर सासऱ्यानं दार उघडलं. तेजलनं माइक आपल्या उंचीला वर केला.

"घर माह्यं हाय. तुमीच निंगा!"