तांदळातलं कार्ड

लॅपटॉपचं वायफाय कार्ड परवा माझ्याच हातून कोळंबीच्या पाण्यात पडलं होतं. आईने ते सुकायला तांदळाच्या डब्यात पुरलं. आज पहाटे होडीवर जाण्याआधी सुदेशदादाने ते परत बसवलं असणार, असं धरून मी सकाळपासून लिनक्सशी झुंजत होते. अकराला नोकरीची मुलाखत होती.

पावणेअकराला पेनड्राइव्हवरून आणलेला शेवटचा ड्रायव्हर चढवला, आणि नेटवर्कची यादी आली! नेट जोडलं गेलं! सगळ्या दांड्या भरलेल्या! मी टाळ्या पिटत ओरडले, "गे आये, लागला, लागला!"

आई स्वयंपाकघरातून आली. भात टाकायला ती तांदूळ काढत होती. तिच्या पांढुरक्या बोटांत माझं कार्ड होतं.

"ह्या हयच आसा मगे," ती म्हणाली. "सुदेश बसवूक इसारलो."

मला हसूच आलं. लॅपटॉप उलटा करून मी मागचं झाकण काढलं. कार्डाची जागा रिकामी होती. अँटेनाच्या दोन काळ्या तारा तिथे नुसत्याच ताठ उभ्या होत्या.

पडद्यावर नेट चालूच होतं.

मी एक तार चिमटीत धरून हलकेच ओढली.

गरीला मासा लागावा, तशी ती पलीकडून ओढली गेली.